बाथरूमची कडी

प्रिय सूनबाई,

पत्र लिहायला बसले तसे तुझे बाबा म्हणाले, फोन लाव की, पत्र कधी पोचायचं. म्हटलं, फोनवर ती विचारते आई तब्येत कशी आहे, मी म्हणते बरी आहे, मग दोघी थोडा वेळ हवापाण्याचं बोलतो आणि ठेवून देतो. बोलायचं असतं ते तिच्याही घशात राहतं आणि माझ्याही. शिवाय जुन्या कॅलेंडरची पानं घरात होतीच, पाठकोरी. ती मी टाकून देत नाही हे तुला सांगायला नको. तेव्हा मागच्या बाजूला तारखा दिसल्या तर त्याचा काही अर्थ लावत बसू नकोस.

इकडे सगळं ठीक. तुझे बाबा सकाळी फिरायला जायला लागलेत, तेही आपल्या लेकाचं तपकिरी जाकीट घालून. बाह्या बोटांपर्यंत येतात. मी नुसतं बघितलं तर म्हणतात, चांगलं जाकीट आहे, वाया कशाला घालवायचं. हे वाक्य जन्मभर माझं होतं, आता ते माझ्यावरच चालवतात. मी सकाळी देवासमोर बसते. पहिले काही महिने भांडायलाच बसायची. एकुलता एक, चौतिसाव्या वर्षी, साधा ताप म्हणता म्हणता नेलास, तुला लाज कशी वाटली नाही, असं तोंडावर विचारायची. हळूहळू माझंच भांडण दमलं. आता बसते तेव्हा दिलं होतं त्याचे आभार मानते. तो असता तर म्हणाला असता, आई, आभार मानतेस ते बरं, पण देवाकडून पावती घेतलीस का. रोजचा खर्च मी लिहून ठेवते म्हणून किती छळायचा मला.

लहानपणी गल्लीत त्याला खटक्या म्हणायचे, हे तुला त्याने कधी सांगितलं नसणार. दिसेल ती कडी उघड, दिसेल तो बोल्ट लाव. एकदा शेजारच्या मास्तरीणबाईंना त्यांच्याच कोळशाच्या खोलीत कोंडलं आणि वर बाहेरून विचारलं, बाई, आत काय दिसतं. पुढे कुलुपांच्याच कामाला लागला तेव्हा त्या बाई मला म्हणाल्या, चला, निदान आता उघडायचे पैसे तरी घेईल. उस्तादांच्या हाताखाली शिकला, स्वतःची टपरी टाकली. अख्खा भाग किल्ली हरवली की त्याच्याकडे धावायचा. आणि आपल्या घरी बाथरूमची कडी तुझ्या लग्नाच्या आधीपासून अडकते ती अडकतेच. किती वेळा सांगितलं मी, तू सांगितलंस. रविवारी करतो. कोणता रविवार ते मात्र कधी बोलला नाही. उलट पाहुणा आला की बाथरूमच्या दाराशी उभा राहून सूचना द्यायचा: कडी आधी वर उचला, दाराला खांदा लावा, मग मागे ओढा, घाबरून जाऊ नका, आतापर्यंत सगळे सुखरूप परत आलेत. पाहुणे त्या बोलण्यावरच खूश असायचे. मला वाटतं, म्हणूनच त्याने ती कधी दुरुस्त केली नाही.

दवाखान्यातली ती दुपार आठवते ना? नाकाला नळी, डोळे खोल गेलेले, आणि तशात मला म्हणतो, आई, माझी हत्यारांची पिशवी बरोबर दे, वरचं दार बंद असलं तर उघडायला कोण येणार. आणि तू पायाशी बसून त्याच्या पायावरची चादर नीट करत, मानही वर न करता म्हणालीस, आधी घरातल्या बाथरूमची कडी बसवा, मग स्वर्गाची कामं घ्या. तो असा हसला की नळी निसटली आणि नर्सबाई आपल्या तिघांनाही रागावल्या. ते त्याचं शेवटचं हसू होतं, निदान मी पाहिलेलं. ते तुझ्यामुळे माझ्या पदरात पडलं. देवासमोर मी ज्या गोष्टींचे आभार मानते त्यांत ही पहिली.

आता त्या शोकसभेच्या दिवसाचं लिहिते. तू विसरायचा प्रयत्न करत असशील, पण थोडं सोसून वाच. घर माणसांनी भरलेलं, खुर्च्या शेजारून आणलेल्या, कोपऱ्यात उस्ताद मान खाली घालून बसलेले. मोठे काका बोलणार होते. आपल्या नात्यात कुणीही गेलं की बोलायचं काम त्यांचंच. बोलण्याआधी तोंड धुऊन येतो म्हणून बाथरूममध्ये गेले. त्यांना सूचना द्यायची कुणाला आठवलीच नाही. ते काम ज्याचं होतं तो भिंतीवर फोटोत होता. कडी अडकली. तुझे बाबा बाहेरून सांगतायत दादा, वर उचला, आणि काका आतून म्हणतायत, उचललीये, आता हातात आलीये. लांबून आलेले लोक घड्याळ बघत चुळबुळ करायला लागले, तसा आतून खणखणीत आवाज आला: कुणी उठू नका, मी इथूनच बोलतो. आणि बोलायला लागले की. देह म्हणजे बंद खोली आहे, बंधुभगिनींनो. वेळ आली की कडी आपोआप निघते आणि आत्मा मोकळा होतो.

तेव्हा तू हसलीस. आधी नाकातून, मग पोट धरून, मग खाली जमिनीवर बसून. खोलीत दुसरा आवाज नव्हता, फक्त तुझं हसणं आणि काकांचं भाषण. उस्ताद उठले, खुंटीवरची त्याची पिशवी त्यांनी काढली. तो गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. एका झटक्यात दार उघडलं आणि ते स्वतःशीच पुटपुटले, माझा सगळ्यात हुशार पोरगा, आणि घरची कडी अशी. त्यावर तू आणखी हसलीस. मागून कुणीतरी म्हणालं, नवऱ्याच्या फोटोला हार वाळला नाही अजून. कुणीतरी तुला दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा भाऊ येऊन तुला घेऊन गेला. जाताना तू पाया पडलीस आणि माझ्याकडे बघितलं नाहीस.

तुला वाटलं, आईंना लागलं असेल. मी रुमालात तोंड खुपसून गदगदा हलत होते, हे तू बघितलं होतंस. सगळ्यांनीच बघितलं. अगं, मी हसत होते. काका आत्म्यावर आले आणि मला तुझं दवाखान्यातलं वाक्य आठवलं, मग आवरेचना. दोन बायकांनी माझी पाठ चोळली, एकीने पाणी आणून दिलं, एक म्हणाली रडू द्या त्यांना, मोकळं होऊ द्या. माझ्या हसण्याला पाणी मिळालं आणि तुझ्या हसण्याला टोमणे, फरक एवढ्या रुमालाचा. तुझे बाबाही भिंतीकडे तोंड करून उभे होते ते का, हे मला त्यांनी परवा सांगितलं. घर भरलं होतं दुःखाने, पण त्या थोड्या वेळात मला तो अगदी शेजारी बसल्यासारखा वाटला. इतका जवळ नंतर फोटोत आला नाही, प्रार्थनेत आला नाही.

आणि आता का लिहिते आहे ते. वर्ष भरतंय म्हणून कुलूपवाल्यांच्या संघटनेने त्यांच्या हॉलमध्ये त्याचा फोटो लावायचं ठरवलंय. काकांनी भाषण लिहून मला वाचून दाखवलं. प्रेमाने लिहिलंय, दवाखान्यात रात्रंदिवस धावले ते काकाच, हे मी विसरणार नाही. पण त्यात म्हटलंय, शांत, गंभीर, शिस्तीचा, कधी कुणाला शब्दाने न दुखावणारा. मी ऐकत होते आणि विचार करत होते, कोण बरं हा मुलगा. तेही चाललं असतं. पण परवा नव्या भाडेकरू बाईंनी विचारलं, कसा होता हो तुमचा मुलगा, आणि माझ्या तोंडून निघालं, फार शांत होता. माझ्या तोंडून, त्याच्या आईच्या. मृत्यूने त्याला नेलं ते नेलं, आता आम्ही चांगलं चांगलं बोलून उरलेलाही घालवणार. तो जसा होता तसा धड आठवणारी तूच आहेस. म्हणून काकांना सांगितलं, यंदा माझी सून बोलेल. मला वाटलं रागावतील. तर म्हणाले, बोलू दे, माझ्या भाषणात आजवर जागं राहिलेलं माणूस ते एकच. तेव्हा ये. लिहून आणू नकोस, सांगायचं ते सगळं सांग, मास्तरीणबाईंपासून दवाखान्यापर्यंत. जमलं नाही तर बोलूही नकोस, नुसती ये. कुणी आलं आणि त्याचं नाव निघालं की या घरात सगळे आवाज खाली करतात. तू ये आणि एकदा मोठ्याने हस.

तुझीच,
आई