मंगळवारची टेप

सोमवार, ३ मार्च

बाईंनी आज माझा श्वास पकडला! "अगं मठ्ठे, म्हशीसारखी काय फुसफुसतेस? आलं ना बाविसाव्या प्रकरणात. पूस ते."

पुसलं. काय करते! त्यांनी मला चौथीत शिकवलं आणि मी अजून चौथीतच आहे. आता वय वर्षं अडतीस, पदवी ध्वनिमुद्रणाची, पण बाईंसमोर बाकावर उभीच!

अंधांसाठीच्या आमच्या ग्रंथालयात बाई अकरा वर्षं पुस्तकं वाचून देताहेत. हे शेवटचं. पुढच्या सोमवारी ऑपरेशन, स्वरयंत्र काढणार. डॉक्टर स्पष्ट बोलले — जीव वाचेल, आवाज नाही. बाई म्हणाल्या, "म्हणजे गुरुवारपर्यंत एकतीस प्रकरणं व्हायला हवीत." बस्स, एवढंच. आवाज खरखरतो, पण मध चाटतात आणि वाचतात.

सहाला बॅकअपची टेप लावली आणि पळाले.

मंगळवार, ४ मार्च

चार प्रकरणं! मग बाईंनी मला आणि काकांना चक्क बाहेर हाकललं. "चहा पिऊन या. अर्ध्या तासाच्या आत तोंड दाखवू नका."

काका म्हणजे बाईंचे यजमान. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. साखरेच्या दुखण्यात आधी दृष्टी गेली, मग बोटांची जाणीव, त्यामुळे ब्रेलही जमेना. आता आमचे तपासनीस! कानाला हेडफोन लावून बाईंच्या चुका काढतात. घरी काढता येत नाहीत, म्हणून इथे काढतात, असं स्वतःच सांगतात.

चहा पिताना म्हणाले, "सोमवारनंतर ती पाटीवर लिहिणार. वाचणार कोण? मी?" आणि हसले. "एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, असं ठरवलंय. पण अगं, बायको काय फक्त हो आणि नाही म्हणते?"

मला हसू येईना. चहा गार झाला.

बुधवार, ५ मार्च

ग्रंथालयाचे साहेब टेपांच्या कपाटापुढे थांबले. "रोज कशाला? महिन्यातून एकदा पुरे की!" शंभरदा सांगितलंय — रविवारी सगळं टेपवर जातं, बाकीच्या दिवशी फक्त त्या दिवसाचा फरक. नवं काय आलं, बदललं काय, पुसलं काय. मान डोलावली आणि गेले. पालथ्या घड्यावर पाणी!

गुरुवार, ६ मार्च

संपलं!! एकतिसावं प्रकरण पावणेपाचला. शेवटचं वाक्य वाचून बाईंनी माइकवर टिचकी मारली. "झालं. आता बोंबला तुम्ही, मी गप्प." काका टाळ्या वाजवत होते. मी रडत होते. ओरडा खाल्ला.

टेप लावली. लावलीच!

शुक्रवार, ७ मार्च

डिस्क मेली.

सकाळी सर्व्हर सुरू केला तर नुसतं कटकट, कटकट. अख्खं पुस्तक त्यावर. साहेबांचा चेहरा पांढराफटक! "बाईंना कसं सांगायचं?" म्हटलं, काही सांगायचं नाही. पाच टेपा आहेत माझ्याकडे. नवी डिस्क तेवढी मागवा.

शनिवार, ८ मार्च

बाई आज दवाखान्यात भरती झाल्या. मी इथे टेपांपुढे.

टेपा क्रमानेच चढवाव्या लागतात. आधी रविवारची, मग त्यावर सोमवार, मग मंगळवार... मधली एक गळली की संपलं. प्रत्येक टेप झाली की डिस्क अगदी त्या दिवशी सहा वाजता होती तशी दिसते. सोमवारची टेप अर्ध्यावर अडकली. यंत्र पुसलं, चार शिव्या घातल्या, पुन्हा लावली — चालली!

मग मंगळवारची. फाइली मोजल्या. प्रकरणं बरोबर, पण एक जास्त. नाव 'घर'. अकरा मिनिटं. हे काय पुस्तकात नाही! काय आहे म्हणून लावली —

"अहो, ऐकलंत का..."

झटकन बंद केली. कान लाल झाले माझे. चहाचा तो अर्धा तास!

बुधवारची टेप हातात घेतली आणि थांबले. बुधवारी संध्याकाळची यादी मीच तपासली होती, त्यात 'घर' नव्हती. म्हणजे बाईंनीच बुधवारी पुसली असणार. ही टेप चढवली की 'घर' पुन्हा पुसली जाणार. नियम सरळ आहे: जसं होतं तसं परत द्यायचं. त्यांनी पुसलेलं राखणारी मी कोण?

आणि सोमवारनंतर ते पुन्हा कोण बोलणार?

फाइल वेगळी काढून ठेवली. पुढे ऐकली नाही. मग बुधवार, मग गुरुवार. एकतीसच्या एकतीस आली! साहेबांनी पेढ्याच्या आवेशात अख्ख्या कचेरीला बिस्किटं वाटली आणि कपाटाला हात जोडले. माझ्या डोक्यात मात्र 'घर'.

आज बाईंना विचारायला जाणार होते. धीर झाला नाही.

सोमवार, १० मार्च

ऑपरेशन नीट झालं. काका फोनवर म्हणाले, "एक टिचकी मारली."

गुरुवार, १३ मार्च

गेले एकदाची. बाई उशीला टेकून, गळ्याला पट्टी, मांडीवर पाटी. काका खुर्चीत घोरत होते. मी हळू आवाजात सगळं ओकून टाकलं.

बाईंचे डोळे! पाटीवर खसाखसा लिहिलं: "मी पुसली होती."

"हो बाई."

"ऐकलीस?"

"दोन सेकंद. आईशप्पथ."

"कान धर."

धरले! नर्स बघत राहिली.

मग बाई काकांकडे बघत बसल्या. शेवटी लिहिलं, "बोलताना मेल्यासारखं वाटलं. मागे ठेवून जायच्या गोष्टी वाटल्या. म्हणून पुसलं."

"मग आता पुसू?" कान माझ्या हातातच.

त्यांनी पाटी ओल्या फडक्याने पुसली. पुन्हा लिहिलं.

"वाचकांना पुस्तकं ऐकायला देता त्या यंत्राला बटणं किती असतात?"

सोमवार, २४ मार्च

काकांचा फोन. "अगं, कसलं यंत्र दिलंस हिला! बटणाबटणावर एकेक वाक्य! सकाळपासून —" मागून बाईंचा 'घर'मधला खरखरीत आवाज: "अहो, किती वेळ फोनवर?" काका म्हणाले, "बघ! तिसऱ्यांदा दाबलंन!"