वाजवणारा उठला तर नाच थांबेल

१२ जून, बुधवार

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. इदारचे दात येतायत म्हणून नव्हे. तो बिचारा गाढ झोपला होता. माझी झोप घालवली ती माझ्या सख्ख्या भावानं!

काल माहेरी गेले होते. बिस्लानदादानं मला अंजिराखाली ओढलं आन् म्हणला, "मंगळवारी क्लबातून नेफसेतला नेणार. तू तिच्याबरोबर यायचं."

नेफसेत म्हणजे माझी नणंद! मंगळवारी नाचाच्या क्लबात ईदचा कार्यक्रम, तोच तिचा निरोपाचा. गुरुवारी तिचं अमेरिकेचं विमान. तिकडं नवरा ठरलाय, सासूबाईंनी ठरवलाय. तिनं तो फोनवरच बघितलाय, तोही छातीपर्यंत.

"अरे, तिला विचारलंस का?"

"तिनंच सांगितलंय," म्हणला. कान लाल झाले होते.

पोरगी राजी असली की तिला न्यायची, मोठ्या माणसाच्या घरी ठेवायची, मग त्यानं तिच्या घरी निरोप धाडायचा — आमच्यात हे नवं नाही. सासूबाईंना सासऱ्यांनी असंच आणलं. प्रत्येक लग्नात सांगतात — पांढऱ्या घोड्यावरून! आत्याबाई म्हणतात, घोडा कसला, ट्रॅक्टर होता.

पण बरोबर एक बाई लागते, नाहीतर पोरीची अब्रू जाते. ती बाई म्हणे मी. सुनेनंच घरची लेक बाहेर काढली, तीही स्वतःच्या भावासाठी — सासूबाई मला दारात तरी उभी करतील? मागच्या गल्लीतल्या सुनेला माहेरी हाकलली, पोर ठेवून घेतलं. ती अजून कुंपणाशी येऊन उभी राहते.

माझा इदार अजून अंगावर पितो.

१३ जून

नेफसेतला म्हणलं, मी नाही येणार. ती कांदा चिरत होती. चिरतच राहिली.

"नको येऊस वहिनी. मी विमानात बसेन. तिकडं जाऊन सोफ्यावर बसेन. मग बसूनच राहीन."

"असं बोलू नको गं."

"मग कसं बोलू? तो मला विचारतो, तुला पिझ्झा आवडतो का. रोज हेच विचारतो!"

सासूबाईंनी तिचा फोन काढून घेतलाय. म्हणल्या, नवऱ्याशी बोलायचं तर माझ्यासमोर, माझ्या फोनवरून. त्यांच्या पर्समध्ये पडलाय तो.

दादा पाच वर्षं क्लबात अकॉर्डियन वाजवतोय आन् ही नाचतेय. आमच्यात नाचताना पोरगा पोरीला हात लावत नाही. ह्यानं तर खुर्चीवरून डोळेसुद्धा उघडले नसतील, भित्रा! आन् आता थेट पळवायला निघालाय!

१४ जून

इदारनं माझा फोन मसुराच्या पातेल्यात टाकला. उकळत्या!

हे म्हणले, तांदळात ठेव. ठेवला. फोन मेला तो मेलाच, वर तांदळाला मसुराचा वास.

१५ जून

उद्या ईद, घर धुवायचंय, पडदे वाळत पडलेत, आन् ह्यांना आज पुन्हा काय सुचावं? म्हणे चल, तुला गाडी शिकवतो!

फुटबॉलच्या मैदानात नेलं. शिकवतात म्हणजे काय, ओरडतात.

"क्लच! अगं क्लच! डावा पाय! डावा कुठला ते तरी माहीत आहे ना?"

मी म्हणलं, मला कुठं जायचंय गाडी घेऊन? तर म्हणले, "बाईमाणसाला यावी. कधी पोर आजारी पडतं." तीन दिवस झाले, हाच नाद. मग रस्त्यावर काढतात, आन् नाऊर गावचा चढ आला की गाडी माझ्या हातात बंद पडते. मागं भाजीवाल्याचा टेम्पो होता, त्यानं माझी आई-मावशी सगळी काढली. ह्यांनी खिडकीतून त्याला सलाम केला!

१६ जून, बकरी ईद

आता काय करावं!

शुमाफकाकांनी बकरा तोडताना स्वतःच्या बोटावर सुरी मारली. टाके पडले. क्लबात अकॉर्डियन वाजवणारे दोघंच, काका आन् दादा. ठरलं होतं की जेवणानंतर काका वाजवतील, तेवढ्यात दादा नेफसेतला, आन् मी हो म्हणलं तर मलाही, घेऊन निघेल. आता सगळा वेळ दादानंच वाजवायचं.

ईद मुबारक करायला आला तेव्हा तोंड पिठासारखं.

"मी उठलो तर नाच थांबेल गं."

"नाच थांबला की सगळे बघतील कोण उठलं."

"मग मी काय करू?"

"मला विचारतोस दादा? पोरगी नेणार कोण, मी?"

आतनं सासूबाई — "काय चाललीय कुजबुज भावाबहिणीची?"

"शुमाफकाकांच्या बोटाचं बोलतोय, आई!"

इदार रडून लालबुंद. माझे दोन्ही हात चरबीनं भरलेले. हे हातावर हात ठेवून बसलेत, पण सासरे समोर ना! वडलांसमोर आपलं पोर उचलायचं नाही म्हणून खिडकीतून चिमण्या बघत बसले. इतका राग आला! रीत आहे, माहीत आहे. पोराला माहीत आहे का?

१७ जून

दिवसभर हलिवा. चीज भरा, दुमडा, तळा. क्लबच्या बायका तळायला आल्या आन् खाऊनच गेल्या. सासूबाईंनी केक सांगितलाय, त्याच्यावर विमान.

नेफसेत हळूच म्हणली, "माझ्या दादाची गाडी क्लबच्या अंगणातच असते, वहिनी."

माझ्याकडं बघू नको म्हणलं! मला चढ चढवता येत नाही. किल्ली ह्यांच्या खिशात. आन् तिला ज्यांच्याकडं ठेवायचं त्या हाजी ईशाकांचं घर वादी सीरला, सगळाच चढ-उतार!

"मी काही म्हणलं का?"

नव्हतं म्हणलं. नुसतं चीज दुमडत होती. इदारला छातीशी धरून पडलेय. तो कुंपणापलीकडं आन् मी अलीकडं — एवढंच दिसतंय.

ती उद्या आपला नाचाचा झगा मुद्दाम कपाटात विसरायचा म्हणते, म्हणजे तो आणायला म्हणून क्लबातून निघता येईल. माझ्यावर भरवसा आहे तिला. कशाच्या जिवावर?

१८ जून, मंगळवार

घाईत लिहितेय. क्लबातून घरी आलेय. इदारला पाजलं. नेफसेत बाहेर गाडीत बसलीय, तिच्या मांडीवर दिलाय त्याला.

झालं असं. क्लबात इदार रडायला लागला. म्हाताऱ्यांची ओळ बसलेली, मधोमध सासरे. आन् हे उठले. सगळ्यांसमोर गेले, चटईवरून पोराला उचललं, खांद्यावर घेतलं! सासऱ्यांचा चहाचा पेला हातातच राहिला. सासूबाईंचं तोंड उघडं. सगळा क्लब ह्यांच्याकडंच बघत होता, नेफसेतकडं कोणीच नाही.

ओळीसमोरून चालत माझ्यापाशी आले. म्हणले, "भूक लागलीय ह्याला. घरी ने. नेफसेतचा झगाही राहिलाय, तिला बरोबर ने."

पोर हातात घेतलं तर दुपट्यात काहीतरी टोचलं. गाडीची किल्ली!

मग अगदी हळू म्हणले, "चढावर पहिला गिअर. घाबरू नको."

चढ अजून जमलेला नाही. पण जाते.

हे जे कोणी वाचेल — आई, तुम्ही असाल तर आधी खाली बसा — नेफसेत हाजी ईशाकांकडं आहे, स्वतःच्या मर्जीनं आहे. ते तिला तोंडावर विचारतील, ती तोंडावर सांगेल. इदार माझ्याजवळ आहे. तो मी देणार नाही.

माझा फोन मेलाय, तिचा तुमच्या पर्समध्ये. म्हणून तुम्हीच एवढं करा, माझ्या भावाला फोन करा. आम्ही निघालो हे त्याला माहीत नाही, डोळे मिटून वाजवत बसला असेल. उचलेपर्यंत करत राहा. सांगा, पोरगी नेली. आता थांबलास तरी चालेल.