पेटाऱ्याच्या झाकणाची जबाबदारी

२ फेब्रुवारी, रविवार
दुपारी पेटाऱ्याचं झाकण हिच्या उजव्या हातावर आदळलं. दोन बोटं ठेचली. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि दोन आठवडे शिवणकाम बंद म्हणाले. ही घरी कपडे शिवते, आणि सगळं कापड त्याच पेटाऱ्यात असतं.
झाकणाला टेकू म्हणून एक दांडी होती. वाईट दिसायची, म्हणून ती मी सकाळीच काढून टाकली होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध जोडायचं काही कारण नाही. झाकण मुळातच जड आहे.
संकल्प: पुढच्या रविवारपर्यंत झाकण आपलं आपण उघडं राहील अशी व्यवस्था. स्वतःच्या हाताने.

३ फेब्रुवारी, सोमवार
ऑफिसात दिवसभर गॅस स्प्रिंगचा अभ्यास. साहेबांना वाटलं रिपोर्ट वाचतोय. मोटारीच्या डिकीला असतात तसल्या दोन नळ्या. आत दाबलेला गॅस. झाकण जरा उचललं की पुढचं काम नळ्या करतात आणि झाकण वरच राहतं. तत्त्व पूर्ण समजलं. नळीचा जोर न्यूटनमध्ये मोजतात. एक न्यूटन म्हणजे किती ते उद्या बघणार.
संध्याकाळी ही म्हणाली, सुतारकाकांना बोलवू या का. मी म्हटलं, चार स्क्रूंसाठी सुतार बोलावणारा माणूस उद्या शर्टाच्या बटणासाठी शिंपी बोलावेल. ती माझ्याकडे बघत राहिली. माझी बटणं तीच लावते. मग बरं म्हणाली आणि डाव्या हाताने सुईत दोरा ओवायला लागली. तीनदा चुकला. मी गॅलरीत गेलो. आत आलो. पुन्हा गेलो.

५ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ७.१५
झाकणाचं वजन करायचं ठरवलं. आधी काटा तपासायला स्वतः उभा राहिलो. चौऱ्याऐंशी दाखवले. म्हणजे काटा बिघडलेला आहे. असल्या काट्यावर झाकण तोलण्यात अर्थ नाही. हाताने उचलून अंदाज घेतला. जड आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
हार्डवेअरवाल्याने विचारलं, झाकण किती किलोचं. मी म्हटलं, बऱ्यापैकी. तो म्हणाला, घरगुती पेटीला शंभर न्यूटनची जोडी पुष्कळ झाली. त्याला काय जातंय सांगायला? बोटं त्याच्या बायकोची नव्हती. तीनशेची जोडी घेतली. कमी पडायला नको.

९ फेब्रुवारी, रविवार
काम फत्ते. सकाळी दहा ते दुपारी साडेतीन. मध्येच ही म्हणाली, सगळे स्क्रू आवळायच्या आधी झाकण लागतंय का बघा. मी म्हटलं, आधी बसवणं, मग परीक्षा.
झाकण उघडं राहण्याच्या बाबतीत शंभर टक्के यश. लागण्याच्या बाबतीत थोडं काम बाकी. दोन्ही हातांनी दाबलं तरी वीतभर वरच राहतं. वर बसलो की लागतं. म्हणजे यंत्रणेत दोष नाही. उठलो की तेही माझ्याबरोबर उठतं.
स्क्रू जरा लांब निघाले. झाकणाच्या वरच्या बाजूने टोकं बाहेर आली आहेत, तांदळाच्या दाण्याएवढी. वरून टेबलक्लॉथ घातला. खोली उलट शोभिवंत दिसते.

१० फेब्रुवारी, सोमवार
पेटाऱ्याला कडी बसवली. मी वर बसतो, खाली वाकून कडी लावतो. उघडतानाही तसंच, फक्त सावकाश उठायचं. हिला कापड हवं असेल तेव्हा मी घरी असणं आवश्यक, एवढीच अट. ऑफिसातून दोनदा फोन करून विचारलं, काही काढायचंय का. नको म्हणाली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
कडी निघाली. मी ऑफिसात होतो. दुपारी तीनच्या सुमाराला झाकण एकदम उडालं. ही स्वयंपाकघरात होती म्हणून वाचली. पण एका बाईंचा हिरव्या रेशमाचा गाऊन झाकणावर पसरलेला होता. अपघाताच्या आधीच जवळजवळ शिवून झाला होता, फक्त खालची पट्टी राहिली होती. ती पट्टी ही चार दिवस डाव्या हाताने लावत होती. टेबलक्लॉथमधून वर आलेल्या स्क्रूच्या टोकांत अडकून गाऊन हातभर फाटला.
कडीचा दर्जा चांगला नव्हता, असं मी म्हटलं. ही दिव्याखाली गाऊन धरून बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. मी घरात किती फेऱ्या मारल्या मोजल्या नाहीत. शेवटी ती म्हणाली, अहो, जरा बसा, सावली पडते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
चहाच्या वेळी हिला सांगितलं की दांडी मी काढली होती. हे सांगायला बारा दिवस लागले, कारण मधे कामाची गडबड होती.
ती म्हणाली, माहीत आहे. दांडी तिला त्याच दिवशी कचऱ्याच्या डब्यात दिसली होती. सुतारकाकांनाही तिने दुसऱ्याच दिवशी फोन केला होता. मग मी स्वतःच करणार म्हटल्यावर पुन्हा फोन करून त्यांना थांबवलं. मी विचारलं, का? ती म्हणाली, तुम्हाला बसून राहवत नव्हतं ना, म्हणून.
गाऊनवाल्या बाईंकडे मी स्वतः गेलो. फाटलं ते माझ्यामुळे, असं म्हणालो. बाईंनी आठ दिवस वाढवून दिले. दार लावता लावता विचारलं, ताईंचा हात कसा आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार
सुतारकाका आले. नळ्या सोडवून, झाकण बिजागरीतून काढून काट्यावर तोललं. अकरा किलो. मग मला काट्यावर उभं केलं, काटा बरोबर आहे ना ते बघायला. बरोबर आहे.
तीनशेच्या नळ्यांऐवजी शंभरच्या आणल्या. झाकण परत बिजागरीला लावलं आणि मला ते वर धरून उभं राहायला सांगितलं, हलू नका म्हणाले. स्क्रूची भोकं बुजवता बुजवता त्यांनी हिला विचारलं, हे बसवलं कुणी?
ही म्हणाली, होता एक जण.
काका म्हणाले, त्याला पुन्हा घरात घेऊ नका.
ही म्हणाली, बघू.
मी झाकण धरून उभा होतो. सोडता येत नव्हतं.