जयूच्या उशाचं पातळ

ती. आईंना,

"आधी पोराला तुझ्यावाचून निजायची सवय लाव, मग बर्फाच्या गोष्टी कर," असं तुम्ही दिवाळीतच बजावलं होतंत. मी ते हसण्यावारी नेलं. आता पिंडारी हिमनदीची सहल मे महिन्यावर आली, आणि जयू अजून माझ्या पदराचं टोक मुठीत धरल्याशिवाय डोळा मिटत नाही.

म्हणून आजची रात्र ही आमची परीक्षाच समजा. आम्हांला पिंडारीला नेणाऱ्या वाटाड्याबरोबर माझी मैत्रीण हेमलता आणि मी नंदीदुर्ग पायी चढायला चाललो आहोत. पाठीवर ओझं घेऊन हा चढ जमला, तरच तो बर्फावर नेणार. रात्री वरच मुक्काम आहे, उद्या दुपारी येईन. जयू नीट निजला, तर मी सहलीला हो म्हणेन. नाही तर ती राहिली.

माझं कालचं नेसतं पातळ त्याच्या उशाशी ठेवलं आहे. पारोसं आहे, तुमच्या सोवळ्यात बसत नाही, ठाऊक आहे. पण एवढी रात्र ते धुवायला टाकू नका. त्याला माझा वास लागतो. दूध कानडीत "बेडा, बेडा", म्हणजे नको नको, म्हणून ढकललं तर आग्रह नको. स्वल्प रडेल, मग निजेल, असं मला मनापासून वाटतं.

जयूकडे तुम्ही बघालच. तुमच्या मुलाकडे मात्र आठवणीने बघा. चढाईचे बूट त्यांनीच हौसेने आणून दिले, आणि आज मी निघाले तर ते झोपेचं सोंग घेऊन पडून राहिले. 'येते' म्हणूनच गेले आहे. सोंगात ऐकलं असेल, तरी पुन्हा एकदा सांगा.

वसुमती