उंबरा काढलेलं घर

आप्पा, दयाळाची पिल्लं परवा सकाळी उडाली. तिन्ही उडाली. तुम्ही केलेल्या पेटीतून, तुम्ही पांढऱ्या रंगानं 'क्वार्टर नं. १' लिहिलेल्या घरातून. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, पेटी त्याहून जुनी, आणि एवढ्या वर्षांत तिच्यातून उडालेली ही पहिली पाखरं. परवापासून मी भेटेल त्याला सांगत सुटले आहे. शेजारणीला सांगितलं, शाळेत शिक्षक-खोलीत दोनदा सांगितलं, दूधवाल्यालाही थांबवून सांगितलं. ज्यांना सांगायचं ते मात्र राहिलेच होते, म्हणून हे लिहायला बसले.

तुम्हाला तो पंखा आठवत असेल. तुम्ही पलटणीतून पेन्शनवर आलात त्याच वर्षी आपण आष्ट्याजवळच्या गावातलं कौलारू घर उतरवून स्लॅबचं बांधलं. कौलांत चिमण्या पिढ्यान्‌पिढ्या राहत होत्या. स्लॅबला फट नाही, वासा नाही, म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातल्या नव्या पंख्याची वाटी निवडली. मी दहा वर्षांची. शाळेतून घामाघूम होऊन आले, दप्तर टाकलं आणि बटण दाबलं. काय झालं ते लिहीत नाही. आई चुलीपुढं भाकरी थापत होती, तिचा हात परातीतच थांबला. तुम्ही बाहेरून आलात, खाली पडलेली चिमणी ओंजळीत उचललीत आणि मला एवढंच म्हणालात, "आदी वर बगायचं, मग बटान दाबायचं." आवाज चढवला नाहीत. तरी ते बोलणं मला एवढं लागलं, की आज साताऱ्याच्या घरात एसी आहे, तरी त्याचं बटण दाबण्याआधीसुद्धा मी वर बघते. माझी मुलगी हसते.

त्या उन्हाळ्यात आपण पंखा लावला नाही. आई पदरानं वारा घेत तुम्हाला ऐकवायची, "फौजेत ऱ्हायलाय, तुमाला उकाड्याची सवं आसंल. आमाला न्हाई." तुम्ही हसायचात आणि अंगणात फळ्या कापत बसायचात. पलटणीतून सामान आलेल्या खोक्याच्या त्या फळ्या. चहाचा पेला पालथा घालून तुम्ही भोकाचा गोल आखलात, वर तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकलात, आणि ब्रश घेऊन नंबर टाकलात, कारण नंबराशिवाय क्वार्टर तुम्हाला माहीतच नव्हतं. भोकाखाली चार बोटं रुंदीची एक फळी आली. उंबरा. आईनं त्याला हळदीकुंकवाचं बोट लावलं. तुम्ही पेटी ओसरीच्या भिंतीवर टांगलीत, दोन पावलं मागं गेलात आणि सावधान उभे राहून तिच्याकडं बघितलंत. मला अजून दिसतं ते. गंजीफ्रॉक, कपाळावर भुसा, आणि टाचा जुळलेल्या.

आठव्या दिवशी चिमण्या आल्या. महिन्याभरात आतून चिवचिव ऐकू यायला लागली. एका दुपारी मी शाळेतून आले तर आई ओसरी झाडत होती आणि केरात बारीक पिसं होती. कावळा त्या उंबऱ्यावर ऐसपैस बसला होता, मान आत घातली होती आणि एकेक पिल्लू बाहेर ओढलं होतं. आई हाकलायला धावेपर्यंत संपलं होतं. तुम्ही पायरीवर बसला होतात. तिथूनच म्हणालात, "जागा चुकली माजी." पेटी तिथंच राहिली. त्यानंतर दर वर्षी सुगीला तुम्ही शाळूच्या कणसांचा झुबका दाराला बांधायचात. चिमण्या यायच्या, दाणे टिपायच्या आणि झोपायला दुसरीकडं जायच्या. "मेसला येत्यात," तुम्ही म्हणायचात, "क्वार्टरला न्हाईत." सगळे हसायचे. तुम्हीही हसायचात, पण एकदा पेटीकडं बघून घ्यायचात.

तुमच्या दहाव्याला नदीवर काय झालं ते तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. पिंड ठेवले आणि कावळा येईना. बाभळीवर दोन बसलेले, पण ढिम्म. काका हात जोडून पुढं झाले, "दादा, बांधाचा वाद मिटवतो!" कावळा चोच घासत बसला. "दादा, वैनीला अंतर देनार न्हाई!" काही नाही. उन्हं वर आली, माणसं सावली शोधायला लागली. काकांना घाम फुटला. "दादा, तुमची फटफटी इकत न्हाई, मग तर झालं?" मागं कोणीतरी खुसखुसलं. मी बायकांत उभी होते. मनात म्हटलं, आप्पा, तुमच्या क्वार्टरमधून पाखरं उडवून दाखवीन. आणि कावळा उतरला. काका आजही सांगतात की दादाचा जीव फटफटीत होता. ती फटफटी अजून गोठ्यात आहे, तिच्यावर कोंबड्या बसतात. आता पाखरांबद्दल जे शिकले त्यावरून मला कळतं, की ऊन चढलं तसे सगळे, काकासुद्धा, सावलीकडं सरकले, पिंडाजवळ माणूस उरलं नाही, म्हणून कावळा आला. कळतं, पण शब्द दिला तो दिला. मी पेटी भिंतीवरून उतरवली आणि साताऱ्याला घेऊन आले.

तुम्ही बघितलं नाहीत ते हे घर. किल्ल्याच्या पायथ्याशी, मागं अर्धा गुंठा जागा. पेरू, कढीपत्ता, कुंपणाला जास्वंद. पेटी मी पेरूवर टांगली, तिच्याशेजारीच करवंटीत तांदळाची कणी ठेवली आणि वाट बघत बसले. पहिली दोन वर्षं पारवे आले आणि खारी आल्या. मग एकेक गोष्ट कळत गेली. खाणं आणि घर जवळ असून चालत नाही. जिथं सगळ्या गावाची पंगत बसते तिथं कोण बाळंतीण राहील? म्हणून करवंट्या कुंपणाकडं नेल्या. पारव्यांचं पोट भरेल एवढी कणी घालणं बंद केलं आणि बारीक राळं घातलं, तर मुनिया आल्या, वीस-वीसच्या थव्यानं. मातीची पसरट थाळी पाण्याची ठेवली, तिच्यात दुपारी बुलबुल आंघोळ करतात, आणि त्यांचं झाल्याशिवाय सातभाई येत नाहीत. झाडांवर औषध मारणं सोडलं. पेरूखालचा पालापाचोळा झाडून काढणं सोडलं, तेव्हा शेजारीण म्हणाली, "बाई, बरं नाही का तुम्हाला?" पाल्यात किडे झाले आणि किड्यांमागं दयाळ आला. काळा-पांढरा, शेपटी उभी, आणि आवाज असा की पहाटे शेजारच्या अँटेनावरून त्यानं सुरू केलं की मी गॅस बारीक करते.

सगळं आलं, आप्पा, फक्त क्वार्टर रिकामं राहिलं. पेटी मी चार ठिकाणी हलवली. गेल्या वर्षी दयाळाच्या जोडीनं आत काड्या न्यायला सुरुवात केली. मी श्वास रोखून चालत होते. पाचव्या दिवशी कावळा उंबऱ्यावर येऊन बसला, मान वाकडी करून आत बघितलं, आणि जोडी गेली ती गेली. उंबऱ्यात खोट आहे हे मला तेव्हा कळलं असं म्हणणार नाही. त्याआधी कितीतरी वर्षं मला ते दिसत होतं. पण तो तुमच्या हातचा होता. तुमच्या हातच्या वस्तूला पेचकस कसा लावायचा?

त्याच पावसाळ्यात दार फुगलं म्हणून सुताराला बोलावलं होतं. म्हातारा, कानाला पेन्सिल. जाता जाता त्याला पेटीचा पत्रा दाखवला, तो गळत होता. त्यानं पेटी हातात फिरवली.

"ताई, ही फळी कशाला?"

"उंबरा आहे."

"पाखराला?" तो हसला. "पाखरू काय चपला काडून आत जातंय व्हय? आवं, त्येला पाय टेकाया भोकाचा काठ बास हाय. ही म्हंजी पावन्याला खुर्ची. आन पावना कोन, तर कावळा."

"माझ्या वडिलांनी केलंय ते."

"आसंल. झ्याक केलंय. पन ताई, घर पाखराचं हाय का वडलांचं?"

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं, पिशवीतून पेचकस काढला आणि थांबला. मी मान हलवली. दोन स्क्रू होते, गंजलेले. निघताना किरकिरले. फळी हातात घेऊन तो म्हणाला, "ह्यो आदी येकदा काडलाय जनू. भोकं दुहेरी हायत, बगा." मी म्हटलं, माहीत नाही. त्यानं चारही भोकं पुट्टीनं बुजवली, पत्रा बदलला, आणि पेटी मागच्या भिंतीला पूर्वेकडं तोंड करून लावून दिली, मांजराची उडी पोचणार नाही अशी.

या एप्रिलात दयाळ आले. मादी काड्या नेत होती, नर तारेवर बसून गात होता. आई म्हणाली, "बापय मानूस. काम कमी, आवाज फार." आई आता माझ्याकडं असते. तिची खुर्ची मागच्या दारात असते, आणि तुमच्या पलटणीत असा पहारा कोणी दिला नसेल. मला शाळेत फोन यायचे: "ती आत बसलीया, धा मिंटं झाली." मग एक दिवस: "आगं, वरडाया लागल्यात!" मी तास सोडून व्हरांड्यात आले आणि डोळे पुसून परत आत गेले. मुलांना वाटलं, कोणी गेलं बिलं.

परवाची सकाळ. मी चहा घेऊन दारात येते. आई खुर्चीत. भोकात एक तोंड दिसतंय, ठिपक्याठिपक्यांचं, गलेलठ्ठ. आणि कावळा येतो. सरळ पेटीच्या पत्र्यावर. मी धावणार, तर आई माझं मनगट धरते. "थांब. बगू दे त्येला." कावळा पत्र्यावरून वाकतो, चोच भोकापर्यंत पोचत नाही. तो उडतो, समोरून येतो, पाय पुढं करतो, आणि पायाखाली काही नाही. फडफडत घसरतो. परत येतो. परत घसरतो. दयाळाची जोडी त्याच्या डोक्यावर झेपा घेतेय. तिसऱ्यांदा घसरतो तेव्हा आई खुर्चीतून अर्धी उठते आणि आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडते, "बस की रं मुडद्या! बस! उंबरा हुडकतोयस व्हय?"

आप्पा, कावळा गेला. जाताना मागं बघितलंसुद्धा नाही. अर्ध्या तासानं पहिलं पिल्लू उडालं, नीट कढीपत्त्यात. दुसरं जमिनीवर आदळलं, उठलं, कुंपणात शिरलं. तिसरं बराच वेळ अडून बसलं. मग त्याच्या नख्यांचा आतून खरखर आवाज आला आणि ते वर चढून भोकाच्या काठावर आलं. तेव्हा मला आठवलं, तुम्ही फळ्यांना बाहेरून रंधा मारला होतात, आतून मारला नव्हता. आई तेव्हा म्हणाली होती, आळस केला. त्या खरखरीत फळीला धरूनच तिन्ही वर आली. आता मीही तुमच्यासारखी दोन पावलं मागं सरले, आणि माझ्या टाचा कधी जुळल्या मला कळलं नाही. आईला कळलं. ती म्हणाली, "बाप तसाच हुबा ऱ्हायचा," आणि पदर तोंडाला लावला.

उंबरा मी टाकला नाही. तो कुंपणाच्या पार टोकाला, पेटीपासून लांब, भिंतीला ठोकलाय. रोज सकाळी पहिल्या भाकरीचा तुकडा तिथं ठेवते. कावळा येतो, ऐसपैस बसतो, खातो. त्यानं नदीवर माझा शब्द घेतला होता, त्याला एवढं द्यायला हवं.

आता एक राहिलं. काल बायका पेटी बघायला आल्या होत्या. आई त्यांना सांगत होती, "आमच्या मालकांची हौस. घराला उंबरा पायजे म्हनले." मी चहा गाळत राहिले. तसं तुम्ही म्हणाला नव्हतात. मी म्हणाले होते. पेटी तयार झाली होती, तुम्ही ब्रश धुवायला निघाला होतात, आणि मी विचारलं, "आप्पा, उंबरा कुठाय?" तुम्ही भोकाकडं बघितलंत, माझ्याकडं बघितलंत, आणि फळी कापायला बसलात. आणि कावळा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही स्क्रू काढून उंबरा हातात घेतला होतात, तेव्हा मीच रडून गोंधळ घातला, की त्यांचं घर मोडू नका, ती परत येतील. तुम्ही तो परत बसवलात. दुहेरी भोकं कशाची ते मला सुताराच्या आधीपासून माहीत होतं. जागा तुमची चुकली नव्हती.

या पत्राला पाकीट आणलेलं नाही. आईला हे आज सांगायचं म्हणून दोनदा मागच्या दारापर्यंत जाऊन आले. ती पहाऱ्यावर आहे. मादी परत काडी घेऊन आलीय म्हणते.