रंगीत तालमीनंतर दुरुस्त केलेले मृत्युपत्र

मी, खाली सही करणार, वय एकसष्ट, रक्तपेढीच्या डेटाबेसचा प्रशासक, आता निवृत्त, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. समोरच्या डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे; मात्र देताना "आज इतके हसताय कशाला?" असे त्यांनी दोनदा विचारले. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. गेल्या महिन्यात केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो, कारण ते चाचणीत नापास झाले.

चाचणीचा खुलासा करतो. आमच्या कामात डेटाची जादा प्रत, म्हणजे बॅकअप, नुसती घेऊन ठेवली तर ती धरत नाहीत. ती अधूनमधून दुसऱ्या मशीनवर उतरवून पाहायची. उतरली तर आहे, नाहीतर नाही. मृत्युपत्र मात्र लोक लिहितात, पाकिटात घालतात आणि जातात. ते चालते का, हे पाहायला लिहिणारा उरत नाही. म्हणून मागच्या रविवारी वारसांना बोलावून मी वारल्याचे जाहीर केले आणि खुर्चीत गप्प बसलो. जड गेले नाही. माझी पत्नी म्हणायची, "तुम्ही घरात असलात काय, नसलात काय, आवाज तेवढाच."

ती जाऊन चौदा महिने झाले.

कलम १. घर मुलीला. तालमीत दारच उघडेना. मी पाकिटात ठेवलेली किल्ली ऑफिसातल्या कपाटाची निघाली. मुलगी म्हणाली, "बाबा, एकतीस वर्षं लोकांचं रक्त सांभाळलंत आणि घराची किल्ली चुकीची?" मृत असल्याने मी उत्तर दिले नाही. आता बरोबर किल्ली पाकिटात आहे. दोनदा लावून पाहिली.

कलम २. माझी जाड वही, जिच्यात कधी काय मोडले आणि कसे जोडले ते लिहिले आहे, व माझा कीबोर्ड धाकटीला. धाकटी म्हणजे माझी मुलगी नव्हे, पत्नीची सर्वांत लहान विद्यार्थिनी. आज रक्तपेढीत माझ्या खुर्चीवर बसते. कीबोर्डचे एक बटण अडकते. ते तसेच राहू द्यावे, घाईत काही पुसण्याआधी माणूस थांबतो.

कलम ३. "तुमचं काम काही दिसत नाही हो," असे भर बैठकीत म्हणालेल्या माजी साहेबांना माझे सर्व न दिसलेले काम, सप्रेम.

कलम ४. पत्नीचा लॅपटॉप. हे कलम नीट वाचावे.

मुलाबाळांपायी नोकरी सोडलेल्या आणि पुन्हा कामावर येऊ पाहणाऱ्या बायकांना ती डेटाबेसचे काम शिकवी. चौतीस धडे तिने स्वतःच्या आवाजात भरून ठेवले होते. ती गेली आणि लॅपटॉपचे कुलूप मला उघडता आले नाही. वर्गातल्या अकरा जणी विचारायच्या, "सर, बाईंचे धडे?" रक्तपेढीच्या डेटाच्या तीन प्रती ठेवणाऱ्या माणसाच्या घरी बायकोच्या आवाजाची एकही प्रत नव्हती. जुन्या मृत्युपत्रात मी लिहिले होते: "लॅपटॉप बंद आहे. तसाच मुलीला द्यावा."

तालमीला माझी थोरली बहीणही आली. आईच्या शिलाई मशीनवरून आमचे नऊ वर्षे बोलणे नव्हते. पत्नी गेली त्या दिवशीही आम्ही एकाच खोलीत समोरासमोरच्या भिंतींना टेकून उभे होतो. तिला बोलावले मुलीने. म्हणाली, "चाचणी आहे ना? मग हरकत घेणारं कोणीतरी हवंच. आत्याला बोलावते." निरोपात तिने रीतसर लिहिले होते की मृताच्या घरची वस्तू जवळ असल्यास सोबत आणावी.

"शिलाई मशीन ताईला मिळू नये" हे वाक्य मुलीने वाचताच ताई म्हणाली, "मेल्यावर तरी गप्प बस!" मग पिशवीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून माझ्या मांडीवर ठेवला. आत हार्ड डिस्क. वर पत्नीच्या अक्षरात तारीख.

"दर महिन्याच्या पहिल्या रविवारी यायची बदलायला. नवीन ठेवायची, जुनी न्यायची. मला वाटलं, तुला ठाऊक असेल."

मला एवढेच ठाऊक होते की पहिल्या रविवारी ती मुद्दाम माझ्या वैऱ्याकडे चहा प्यायला जाते. त्यावरून मी धुसफूस करायचो.

"कुलूप?" मी विचारले. मृत असून.

"नाही. म्हणाली, वन्सं, तुम्ही असताना कुलूप कशाला?"

धाकटीने डिस्क दुसऱ्या मशीनला जोडली. चौतीसच्या चौतीस उतरले. नववा धडा लागला आणि खोलीत तिचा आवाज आला: "एक प्रत नेहमी दुसऱ्या घरात ठेवायची, बायांनो. आपल्या घरचा माणूस रागानं जिथं पाऊलही टाकणार नाही, अशी जागा सगळ्यात सुरक्षित."

आधी ताई हसली. मग मुलगी. मी इतका हसलो की चष्मा डब्यात पडला. पुढे डोळ्यांतून जे आले त्याची नोंद करत नाही. तालीम तिथेच मोडली.

सबब: धडे अकरा जणींना, आणि पुढे ज्या येतील त्या सगळ्यांना. वर्ग धाकटीने चालवावा. माझ्या बचतीतला तिसरा हिस्सा त्यासाठी, उरलेले मुलीला. एक प्रत मुलीकडे, एक धाकटीकडे, एक ताईकडे डब्यात. बंद लॅपटॉप मी असेपर्यंत माझ्याकडेच राहील, मग मुलीकडे. आता त्याची भीती वाटत नाही.

कलम ५. रद्द. येथे शिलाई मशीन ताईला द्यायचे ठरले होते. वकीलबाई म्हणाल्या, "ज्याला मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये." त्यावर ताई म्हणाली, "मग राहू दे मशीन. मला सही करायची आहे." नऊ वर्षे! म्हणून मशीन या मृत्युपत्रात नाही. आज सकाळी मी ते जिवंतपणी, स्वतः एका बाजूने उचलून तिच्या घरी पोचवले. कंबर धरली आहे. ताईला मृत्युपत्राने काहीही मिळत नाही, ही तक्रार नसून साक्षीदार होण्याची पात्रता आहे.

वरील मजकूर वाचून, समजून, हसून मी सही केली.

ठिकाण: माझे जेवणाचे टेबल. दिनांक: महिन्याचा पहिला रविवार.

सही: लिहून ठेवणार

साक्षीदार १: समोरचे डॉक्टर. (सही करताना तेही हसत होते.)

साक्षीदार २: थोरली बहीण. तिने सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिले आहे: "पुढच्या पहिल्या रविवारी मयताने डबा बदलायला स्वतः यावे. चहा मिळेल."