कँडीतली बायजाबाई

कोपरखैरणे,
रविवार, सकाळ

आदरणीय बायजाआत्या,

तुझ्या चंद्रशेखरचा सप्रेम जय भीम. आम्ही दोघं श्रीलंकेहून सुखरूप परतलो त्याला आता महिना झाला. तुझे गुडघे काय म्हणतात? प्रेशरची गोळी वेळेवर घेतेस ना? (आजची घेतली नसशील तर पुढचं वाचायच्या आधी घे. थट्टा करत नाहीये.) कोपरखैरण्याहून मोरा बंदराला यायला असा किती वेळ लागतो, फोन तर याच्या हातातच असतो, मग पत्र कसलं लिहितोय, असं तुला वाटेल. आत्या, फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला तोडतेस. पत्राला तोडता येत नाही. म्हणून तुझ्या सूनबाईच्या, अस्मिताच्या हाती देतोय. तिची यात काही चूक नाही.

सोळा वर्षांपूर्वी तू मला पाली शिकायला कँडीला धाडलंस. (पाली शिकून मी न्हावा शेव्याला कस्टम एजंटकडे कंटेनरचे कागद करतो, तो विषय वेगळा.) या खेपेला पाहुणा म्हणून जाताना मी अस्मितापुढे इतक्या बढाया मारल्या की तिला गाईडसुद्धा करू दिला नाही. कँडी माझ्या पायाखालची आहे असं सांगून मी तिला बॅगांसकट तलावाभोवती पूर्ण फिरवलं आणि जिथून निघालो त्याच बसस्टँडवर आणून उभं केलं. दुसऱ्या फेरीला तिनं स्वतःच मोबाईल काढला. सिंहली मला अजून येते, पण येते ती फक्त मेसमधली: अजून भात वाढा, पाणी कुठंय, आज सुट्टी आहे का. एवढ्या भांडवलावर हॉटेलातला बंद गीझर दुरुस्त करून घेता येत नाही. मी मॅनेजरला अर्धा तास समजावलं, त्यानं मान डोलावली आणि वर भात पाठवला.

तिसऱ्या दिवशी आम्ही सोमावती अम्माकडे गेलो. मी शिकत असताना तिच्याच घरी खोली घेऊन राहायचो. आता त्या घराच्या ओट्यावर खाणावळ आहे. छान चालते, बाहेर माणसं उभी होती. आत शिरलो आणि अस्मितानं माझा दंड घट्ट धरला. समोरच्या भिंतीवर, गल्ल्याच्या वर, तुझा फोटो. तुझ्या लेकीच्या, क्रांतीच्या लग्नातला, हिरवं लुगडं, फोटोवाल्यावर डोळे वटारलेली. (मी शिकून निघताना अम्मानं तो माझ्याकडून मागून घेतला होता.) फोटोला ताज्या फुलांचा हार. आणि दारावरच्या पाटीवर सिंहलीत काय लिहिलंय ते मी दोनदा वाचलं, कारण माझा विश्वास बसेना. खाणावळीचं नाव बायजाबाई.

आता खरं सांगायची वेळ आली. बस, आणि मगच वाच.

पहिल्या वर्षी घरच्या आठवणीनं माझं जेवण सुटलं होतं. अम्मानं विचारलं, तुला काय करून घालू? मी म्हणालो, माझ्या आत्याचं सुकटीचं कालवण. ती म्हणाली, सांग कसं करतात. आत्या, तू मला कधी चुलीजवळ फिरकू दिलंस का? (लुडबूड नको, पुस्तक घे, हे तुझेच शब्द.) मला एवढंच ठाऊक होतं की ते लाल असतं आणि जरासं आंबट लागतं. त्यात आमसूल पडतं हे मला लग्नानंतर अस्मिताकडून कळलं. त्या दिवशी समोर टोपलीत अननस होता. मी अननस टाकला. वर छातीठोकपणे सांगितलं की आमची बायजाबाई अस्संच करते.

तू कोळणींना सुकट निवडायला शिकवणारी बाई. तिकडे तुझ्या नावानं सोळा वर्षं सुकटीत अननस शिजतोय आणि लोक बोटं चाटताहेत.

मी सांगूनच टाकणार होतो, तुझी शपथ. पण अम्मानं आधी हळूच विचारलं, त्या बाई कधी गेल्या? चौदा वर्षांत मी तिला एकही पत्र धाडलं नव्हतं, त्यामुळे तिनं तिच्यापरीनं समजून घेतलं होतं. तू ठणठणीत आहेस म्हटल्यावर तिनं आधी हार काढला, मग हसली, मग रडली, आणि साऱ्या खाणावळीला दूधभात वाटला. मग म्हणाली, “नवरा गेला त्या वर्षी मी चूल पेटवणं सोडलं होतं. या बाईच्या कालवणानं ती परत पेटली. एकदा तिच्या हातचं खायचंय मला.” मग खरं सांगायचं राहूनच गेलं. मलाही रडू आलं, आणि तोंडात अननस होता. दोन वर्षं त्या देशाचं मीठ खाऊन मी तिथं काहीच ठेवून आलो नाही, असं मला वाटायचं. आत्या, मी तुला ठेवून आलो होतो. त्या दिवसाइतका आनंद मला पदवी घेतानाही झाला नव्हता.

असो. राग मावळला की हाक मार, नाही मावळला तरी मार.

मार खायला अजून लहानच असलेला तुझा,
चंदू

ता. क. अस्मिताच्या पिशवीत कँडीचा चहा आहे. बिनसाखरेचा पी.

ता. क. दुसरा. कुणी विचारलंच, तर सुकटीत अननस तूच टाकतेस, एवढं म्हणशील का? आयुष्यात तुझ्याकडे दुसरं काही मागणार नाही.

ता. क. तिसरा. अस्मितासोबत पांढऱ्या साडीत ज्या बाई आल्यात आणि ज्यांना तू आतापर्यंत महिला मंडळाच्या समजून पाणी दिलं असशील, त्या सोमावती अम्मा. बुद्धगयेच्या यात्रेला निघाल्यात, पण आधी तुझ्याकडे. त्यांना मराठीचं अक्षर कळत नाही, तेव्हा मला काय बोलायचं ते मनसोक्त बोल, फक्त हसत बोल. अननस चिरून डब्यात दिलाय.

ता. क. शेवटचा. तू हे वाचशील तेव्हा मी खाली मोरा बंदरावर बसलेला असेन. कालवण उकळलं की अस्मिताला फोन करायला सांग. चव तशी बरी लागते, पण हे मी बोललो असं कुणाला सांगू नकोस.